पिवळी चिठ्ठी

मंगळवारी लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याने आपण होऊन ओल्या टॉवेलांची टोपली हातातून घेतली, तेव्हा मालकांच्या सुनेला, म्हणजे धाकटीला, वाटलं, माणसाला उपरती झाली असावी. हा गृहस्थ स्वतःची कपबशीसुद्धा दुसऱ्याने विसळावी अशा मताचा. बुधवारी पिळणी, म्हणजे कपडे पिळायचं यंत्र, चालवणाऱ्या बाईने तिला खाली पडलेला मोजा उचलू दिला नाही. बाई स्वतः गुडघे धरून, कण्हत खाली वाकल्या, आणि त्यांना परत उभं करायला धाकटीलाच हात द्यावा लागला. गुरुवारी डाग काढायच्या टेबलाशी तिच्यासाठी पाठीला टेकू असलेली खुर्ची येऊन बसली. कोणी आणली ते कोणी सांगेना. पण खुर्ची ओळखीची होती. ती गल्ल्यावरची, म्हणजे नवऱ्याच्या आत्याची, आत्याबाईंची होती, आणि त्या खुर्चीत चुकून बसल्याबद्दल आत्याबाईंनी सख्ख्या भावाशी महिनाभर अबोला धरला होता.

आता मात्र धाकटीला संशय आला.

तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि ही गोष्ट जगात तिघांनाच माहीत असायला हवी होती. एक ती स्वतः, दुसरा नवरा आणि तिसरी नणंद. नणंद बायकांची डॉक्टर असल्यामुळे तिला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनेच तपासून, गर्भ जागच्या जागी असल्याचं सोनोग्राफीत दाखवून दिलं होतं. बाकी घराला तीन महिने उलटेपर्यंत पत्ता लागू द्यायचा नाही, असं धाकटीने नवऱ्याला बजावलं होतं. नवरा लाँड्रीची व्हॅन चालवायचा आणि घरात त्याला सगळे भोंगा म्हणायचे. हे नाव त्याला का पडलं याचा तिने वेळीच विचार करायला हवा होता.

लपवण्याचं कारण साधं होतं. पहिल्या वेळी तिने सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं. दोन महिन्यांत ते हातचं गेलं, आणि मग घराने विचारायला सुरुवात केली. काय उचललंस? जिना किती वेळा चढलीस? वाफेजवळ उभी होतीस का? प्रश्न मायेनेच यायचे, सूपचा वाडगा हातात घेऊन यायचे, उशी नीट करता करता यायचे. दुसऱ्या वेळी तेच झालं आणि प्रश्नही तेच. आत्याबाई जन्मभर गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना "हा डाग कशाचा, कधी पडला, त्यावर तुम्ही घरी काय चोळलंत" असं विचारत आल्या होत्या. सुनेलाही त्यांनी तसंच विचारलं. आणि उत्तरं देता देता धाकटीलाच वाटायला लागलं की आपण काहीतरी केलंच असणार. त्या दुसऱ्या वेळी, आदल्याच दिवशी, तिने ओल्या चादरींचं गाठोडं उचललं होतं. ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तिसऱ्या वेळी पुन्हा तसं काही झालं तर सोसायची तिची तयारी होती, पण त्यावरची ती उलटतपासणी पुन्हा सोसायची तिच्यात ताकद नव्हती.

रविवारी दुपारी लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर सगळे जेवायला जमले. विषय पडद्याचा होता. नाट्यगृहाचा जुना मखमली पडदा साफ करायला आला होता आणि खाली अर्धी खोली अडवून पडला होता. त्यावर धुरापासून रंगापर्यंत सगळ्या जातींचे डाग होते. मखमलीवरचे डाग धाकटीइतके कोणालाच काढता येत नाहीत यावर घराचं एकमत होतं, आणि त्यामुळेच आज सगळ्यांची पंचाईत झाली होती.

"मी म्हणतो, पडदा परत पाठवू," सासरे, म्हणजे अण्णा, बटाट्यांकडे बघत म्हणाले.

"परत?" धाकटीने विचारलं. "या कामासाठी तुम्ही सहा महिने त्यांच्या व्यवस्थापकाच्या मागे लागला होतात ना?"

"लागलो होतो. पण आता बघतो तर रंग काही पटत नाही."

"फारच लाल आहे," सासूबाई लगेच म्हणाल्या. एरवी नवऱ्याच्या कुठल्याही वाक्याला त्या निदान एक तरी फाटा फोडत. आज दोघांचं असं जुळलेलं पाहून धाकटीने हातातला चमचा खाली ठेवला.

"परत कशाला पाठवायचा?" आत्याबाई म्हणाल्या. "पडदा इस्त्रीवाला करेल. धाकटीने आता गल्ल्यावर बसावं. माझी नजर गेली."

"आत्याबाई, काल तुम्ही रस्त्यापलीकडून त्या शिक्षिकेच्या बाहीवरचा शाईचा डाग ओळखलात."

"तो शेवटचा. त्यानंतरच गेली."

"आणि इस्त्रीवाला मखमल करणार? त्याने गेल्या वर्षी त्या वकिलांचा कोट केला होता, तो आठवतो ना? वकील अजून रस्ता बदलून जातात."

"शिकेल हळूहळू," अण्णा म्हणाले. अण्णांच्या तोंडून इस्त्रीवाल्याबद्दल इतका विश्वास पूर्वी कधी बाहेर पडला नव्हता.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. भोंगा सूपमध्ये अशा काही एकाग्रतेने बघत होता की जणू तळाशी त्याचं काही हरवलं होतं.

तेवढ्यात नणंद आली. हॉस्पिटलमधून थेट आली होती आणि भुकेने तिचा जीव चालला होता. "मला आधी वाढा, मग भांडा," म्हणत तिने खुर्ची ओढली. तिला ताट द्यायला धाकटी मागच्या कपाटाकडे वळली, वाकली, आणि नणंदेचं बोलणं अर्धवट राहिलं.

"अगं, थांब. तशीच उभी राहा."

खाली एक डाग भिजत घातला होता म्हणून धाकटीच्या अंगावर कामाचा एप्रन तसाच होता. त्याचे पट्टे पाठीवर जिथे एकमेकांवर येतात तिथे नणंदेने बोट लावलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "जपून हाताळा. काही झाल्यास धुणाऱ्याचा दोष नाही."

मग ती जी हसायला लागली, ती धाकटीच्या हातातलं ताट मांडीवर घेऊनच बसली.

त्या लाँड्रीत पिवळ्या चिठ्ठीला कायद्याचा मान होता. अण्णांच्या वडिलांच्या काळात कोणाचं तरी जुनं रेशमी वस्त्र धुताना चिरलं होतं. सगळ्या घराने धुणाऱ्याला आठवडाभर धारेवर धरलं. पिळलंस का, घासलंस का, नखं वाढली होती का. तो चांगल्या हाताचा माणूस काम सोडून गेला, आणि नंतर कळलं की रेशीम आतून आधीच विरलेलं होतं. म्हाताऱ्याला ते इतकं लागलं की त्याने दुसऱ्याच दिवशी पिवळ्या चिठ्ठ्या छापून घेतल्या. तेव्हापासून नाजूक कपड्याला चिठ्ठी लागली की तो पिळायचा नाही, गठ्ठ्यात टाकायचा नाही, आणि इतकं करूनही काही झालं तर धुणाऱ्याला "कसं झालं" असं कोणीही, मालकानेसुद्धा, विचारायचं नाही. चिठ्ठी बघितली की लाँड्रीतला माणूस डोकं न चालवता तिचं ऐकायचा. इस्त्रीवाल्यानेही तेच केलं होतं.

धाकटीने हात मागे नेऊन चिठ्ठी ओढून काढली. "कोणी लावली?"

अण्णांनी घसा साफ केला. "मी वचन दिलं होतं की तोंडातून एक अक्षर काढणार नाही. आता खाली कामावरची माणसं तुझ्या हातात काय वाटेल ते देतात. त्यांना काही सांगायचं तर तोंड उघडावं लागणार. मग मी..." त्यांनी हवेतच टाचणी लावल्यासारखं केलं. "तोंड उघडलं नाही."

"वचन कोणाला दिलं होतंत?"

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मिठाच्या भांड्याकडे पाहिलं.

"मी अण्णांना एकट्यालाच सांगितलं," भोंगा म्हणाला.

"मलाही एकटीलाच सांगितलंस," सासूबाई आश्चर्याने म्हणाल्या.

"मला तर शपथ घालून," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणाला, आत्या, या घरात विश्वासाचं माणूस तूच."

"असं तू मलाही म्हणालास," अण्णा म्हणाले.

धाकटी नवऱ्याकडे वळली. "तिघांना?"

"एकेकट्याला," तो कळवळून म्हणाला. "अगं, मला रात्री झोप येईना. एकाला सांगितल्यावर बरं वाटलं, पण मग दुसऱ्याचं वाईट वाटायला लागलं."

नणंदेने हसू आवरत पाण्याचा पेला उचलला. धाकटीलाही हसू येत होतं, पण ते तिने गालात दाबून धरलं, कारण पुढे काय येणार हे तिला ठाऊक होतं. आलंच. गुपित फुटल्याबरोबर आत्याबाईंच्या अंगात बळ आलं.

"चला, आता उघड झालंच आहे तर स्पष्ट बोलते. पडद्याला हात लावायचा नाही. मागच्या वेळी मी हजारदा विचारलं होतं, काय उचललंस म्हणून, तू म्हणालीस काही नाही. पण पिळणीवालीने तुला चादरी उचलताना बघितलं होतं. ओल्या."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "अक्का, आत्ता नको."

इतके महिने जे तिने एकटीने छातीशी धरून ठेवलं होतं ते बटाट्यांच्या शेजारी टेबलावर पडलं होतं. तिला उठून जावंसं वाटलं. पण त्याआधीच आवाज आपोआप निघाला.

"हो, उचलल्या होत्या," ती म्हणाली. "तेव्हापासून मला रोज वाटतं की त्यानेच झालं."

भोंग्याचा चेहरा पडला. "मला का नाही बोललीस?"

"तुला सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिला रडू आलं.

नणंदेने ताट बाजूला ठेवलं. तिचा दवाखान्यातला आवाज घरात क्वचितच ऐकू यायचा, तो आता आला. "नीट ऐका, सगळे. हिला एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसलंच बाहेरही वाढतं. त्याने सूज येते, दुखतं. हिला दर महिन्याला गुरासारखं दुखतं ते त्यामुळे, नाजूकपणामुळे नाही. हा आजार असलेल्या बायकांमध्ये गर्भ न टिकण्याचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त दिसतो. तो का, ते अजून कोणाला नीट उलगडलेलं नाही. आणि थोडा म्हणजे थोडाच. बहुतेकींचं सुखरूप पार पडतं. जे गर्भ सुरुवातीला जातात, त्यांतल्या पुष्कळांत गुणसूत्रांची जुळणीच मुळात चुकलेली असते. तसं कोणाचंही जातं, आजार असो की नसो. चादरींनी जात नाही."

"ओल्या होत्या," आत्याबाई म्हणाल्या.

"ओल्यांनीही नाही, आत्या."

"बरं. पण मूल झालं की तिचं ते दुखणं कायमचं जातं म्हणतात. मग दोन्ही कामं एकदमच होतील."

"तेही नाही. काहींना मधे आराम पडतो, मग पुन्हा सुरू होतं. मूल हे काही औषध नाही."

आत्याबाईंनी हातातल्या रुमालाची उलटी घडी घातली, मग सुलटी. "हे तू आधी का सांगितलं नाहीस?"

"दोन्ही वेळा सांगितलं. दोन्ही वेळा तू हिला विचारण्यात गुंतली होतीस."

सासूबाईंनी उठून धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. धाकटीला नणंदेचं बोलणं नवं नव्हतं, तिने ते दवाखान्यातही ऐकलं होतं. पण आत्याबाईंच्या देखत, सगळ्यांच्या देखत कोणीतरी ते म्हणावं याची ती किती वाट बघत होती हे तिला आत्ता कळलं.

तिने नाक पुसलं आणि हातातली पिवळी चिठ्ठी टेबलावर सरळ केली. "अण्णा, ही तुम्ही लावलीत ना? मग पूर्ण लागू करा."

"म्हणजे?"

"चिठ्ठीवर दोन वाक्यं आहेत. घराने पहिलंच पाळलं. चार दिवस मला मोजासुद्धा उचलू देत नाहीत. दुसरंही पाळा. काही झालं तर मला कोणी कसं झालं म्हणून विचारायचं नाही. मालकानेसुद्धा नाही."

अण्णा विचारात पडले. पण वडिलांचा नियम मोडणं त्यांना शक्य नव्हतं, आणि धाकटीने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. "नियम तो नियम," ते शेवटी म्हणाले.

"आणि पडदा मीच करणार. मी उचलणार नाही, उचलायला इस्त्रीवाला आहे. चार दिवसांत त्याला चांगली सवय लागली आहे, ती मोडायला नको."

"बसून करशील?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्याबाईंच्या खुर्चीत बसून करेन."

आत्याबाईंना हे सगळंच जड जात होतं. "समजा, तुला दुखलं. तू तोंड पाडून आलीस. तरी विचारायचं नाही?"

"नाही."

"जेवलीस का, एवढं तरी?"

"ते विचारा. पण जेवण्यावरून सरकत सरकत पुढे यायचं नाही."

"मी कधी अशी सरकत आले?" आत्याबाईंनी सगळ्यांकडे बघत विचारलं. सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं.

*

पुढचे काही आठवडे घर फार सोशिकपणे वागलं. इस्त्रीवाल्याने पडदा उंच आडव्या दांड्यांवर चढवून दिला आणि धाकटी खुर्चीत बसून कामाला लागली. डागाखाली पांढरं फडकं धरायचं, कडेकडून मधे यायचं, घासायचं नाही, टिपायचं. मग मऊ ब्रशने मखमलीची लव उभी करायची. पिवळी चिठ्ठी तिने आता पाठीवरून काढून समोर, एप्रनच्या खिशावर लावली होती. आत्याबाई गल्ल्यावरच्या लाकडी स्टुलावरून दिवसातून दहादा तिला "जेवलीस का?" असं विचारायच्या. सकाळी नाश्ता झाल्या झाल्याही विचारायच्या. त्यापलीकडे मात्र त्या एक शब्द गेल्या नाहीत, आणि त्यापायी त्यांना किती त्रास होत होता हे त्यांच्या तोंडावर दिसायचं.

पडद्याची शेवटची बाजू चालली होती त्या दुपारी धाकटीच्या ओटीपोटात कळ आली. मग थांबून आणखी एक. तिने ब्रश खाली ठेवला आणि मागच्या बाथरूमकडे गेली. ती पळाली नाही, पण चालण्यात काहीतरी असावं, कारण तिच्या मागे पिळणीचा आवाज बंद पडला.

आत तिने कडी लावली आणि थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. मागच्या दोन्ही वेळा तिला अशाच एका दारामागे कळलं होतं. रोज लोकांचे डाग बघण्यात जिचा दिवस जायचा तिला आता खाली बघायची हिंमत होत नव्हती. शेवटी तिने पाहिलं. काही नव्हतं. तिने पुन्हा नीट पाहिलं, कामात बघते तसं. खरंच काही नव्हतं. कळही मावळली होती. तिने नणंदेला फोन लावला. "अशा कळा येऊ शकतात," नणंद म्हणाली, "तरी संध्याकाळी ये, बघून टाकू. पुन्हा दुखलं तर लगेच ये."

ती बाहेर आली.

अरुंद बोळात सगळं घर उभं होतं. अण्णा पायऱ्यांच्या स्टुलावर चढून दिवा पिळत होते, आणि दिवा व्यवस्थित चालू होता. सासूबाई एकच टॉवेल घडी घालत होत्या आणि पुन्हा उलगडत होत्या. भोंगा व्हॅनची किल्ली मुठीत आवळून, डॉक्टरकडे निघायच्या तयारीत, पण भिंतीकडे तोंड करून उभा होता. आत्याबाईंनी स्वतःचा भरवसा नसल्यामुळे रुमालाचा बोळा करून तो सरळ दातांत धरला होता.

कोणी काही विचारलं नाही.

धाकटीच्या अंगातला खट्याळपणा इतक्या दिवसांनी जागा झाला. ती शांतपणे बेसिनपाशी गेली. साबण लावला. एकेक बोट धुतलं. सासूबाईंच्या हातातून टॉवेल घेऊन एकेक बोट पुसलं. आत्याबाईंचे डोळे खोबणीतून बाहेर यायचे बाकी होते. अण्णांनी दिवा इतका पिळला की तो विझला.

बोळातल्या त्या अंधुक उजेडात ती चौघांकडे बघत राहिली. तिच्या मनात आलं, आज उत्तर दुसरं असतं तरी हे चौघं असेच उभे असते. असाच टॉवेल, अशीच किल्ली, असाच रुमाल, आणि कोणी विचारलं नसतं की तू काय केलंस. पुढे काय होईल ते नणंदेलाही सांगता येत नव्हतं. पण ते काहीही झालं तरी या दारातून ती एकटी बाहेर येणार नव्हती. तिचे डोळे भरून आले.

ते पाहून भोंग्याच्या हातून किल्ली पडली. आत्याबाईंनी भिंतीचा आधार घेतला. तरी कोणी विचारलं नाही.

"कोरडं आहे," धाकटी म्हणाली. "सगळं कोरडं आहे. दुखायचंही थांबलं."

सासूबाई मटकन स्टुलाच्या पायरीवर बसल्या, अण्णा अजून वरच असताना. आत्याबाईंनी तोंडातला रुमाल काढला, त्यात जोरात नाक शिंकरलं, आणि तो धुवायच्या टोपलीत टाकता टाकता म्हणाल्या, "मी कुठे काय विचारलं होतं?"